सायकलसम्राट फाउस्तो कोप्पी : देहाचा काटेकोर हिशेब आणि न ओळखलेला ताप

इटलीचे जगप्रसिद्ध सायकलपटू फाउस्तो कोप्पी यांचे २ जानेवारी १९६० रोजी सकाळी उत्तर इटलीतील तोर्तोना येथील रुग्णालयात निधन झाले. त्या वेळी ते अवघे ४० वर्षांचे होते. काही दिवसांपूर्वीच ते आफ्रिकेच्या दौऱ्यावरून परतले होते. त्यांना चढलेला ताप छातीच्या विकाराचा असावा, असे समजून उपचार सुरू होते. प्रत्यक्षात तो हिवताप होता. त्याच दौऱ्यात त्यांच्या खोलीत मुक्कामाला असलेले फ्रान्सचे सायकलपटू राफाएल जेमिनियानी हेही त्याच तापाने अंथरुणाला खिळले होते. फ्रान्समध्ये त्यांच्या रक्ताची तपासणी झाली, आजाराचे निदान झाले आणि ते वाचले.

जिरो द इटालिया ही आपल्या देशातील सर्वांत मोठी सायकल शर्यत पाच वेळा आणि टूर द फ्रान्स दोन वेळा जिंकणाऱ्या कोप्पी यांना इटलीत 'कांपिओनिस्सिमो', म्हणजे विजेत्यांचा विजेता, या बिरुदाने ओळखले जाते. मात्र केवळ विजयांच्या संख्येवरून त्यांचे मोठेपण पुरतेपणी उलगडत नाही. शर्यत ही निव्वळ जिद्दीची आणि सोसण्याची बाब मानली जात होती, त्या काळात त्यांनी आहार, विश्रांती, सराव आणि यंत्र या प्रत्येक गोष्टीचा हिशेब मांडला. आपल्या शरीराकडे इतक्या बारकाईने पाहणारा हा खेळाडू एका साध्या रक्ततपासणीअभावी मृत्युमुखी पडावा, ही त्यांच्या चरित्रातील सर्वांत विदारक घटना होय.

खाटकाच्या दुकानातील मुलगा

कोप्पी यांचा जन्म १५ सप्टेंबर १९१९ रोजी इटलीच्या पिएमोंते प्रांतातील कास्तेलानिया या टेकडीवरील लहानशा खेड्यात, एका शेतकरी कुटुंबात झाला. पाच भावंडांतील ते चौथे. धाकटा भाऊ सेर्से हा त्यांचा सर्वांत जवळचा सोबती होता. प्रकृतीने किरकोळ असलेल्या फाउस्तो यांचे मन शाळेत रमले नाही. तेराव्या वर्षी शिक्षण सोडून ते नोव्ही लिगुरे या गावी एका खाटकाच्या दुकानात कामाला लागले. गिऱ्हाइकांच्या घरी सायकलवरून मांस पोहोचविणे हे त्यांचे काम होते. पुढे जगज्जेत्या ठरलेल्या या सायकलपटूचा पहिला सराव असा रोजच्या रोजीरोटीतून झाला.

व्यापारी जहाजावर अधिकारी असलेल्या एका काकांनी मदतीचा हात पुढे केला आणि शर्यतीला योग्य अशी सायकल त्यांच्या हाती आली. पंधराव्या वर्षी धावलेल्या पहिल्या शर्यतीत त्यांना २० लिरा आणि सलामी घातलेला पाव एवढे बक्षीस मिळाले. रीतसर परवाना काढल्यानंतर १९३८ मध्ये कास्तेलेत्तो दोर्बा येथे त्यांनी जिंकलेल्या शर्यतीचे बक्षीस होते गजराचे घड्याळ.

याच नोव्ही लिगुरे गावात त्यांची गाठ बियाजो काव्हान्ना यांच्याशी पडली. पूर्वी मुष्टियोद्धा असलेले काव्हान्ना सायकलपटूंना मालिश करीत आणि त्यांच्याकडून सराव करून घेत. त्यांची दृष्टी गेली होती. तरीही स्नायूंवरून हात फिरवून ते खेळाडूची कुवत आणि थकवा ओळखत, अशी त्यांची ख्याती होती. कोप्पी यांचे लांब पाय, रुंद छाती आणि संथ गतीने चालणारे हृदय यांचे मोल सर्वप्रथम याच अंध गुरूने जाणले. झोप, जेवण आणि सरावाच्या कडक शिस्तीत त्यांनी या तरुणाला घडविले. गुरुशिष्यांचे हे नाते अखेरपर्यंत टिकले.

विसाव्या वर्षी विजेतेपद

सन १९४० मध्ये लेन्यानो संघाने कोप्पी यांना करारबद्ध केले. संघाचे प्रमुख खेळाडू जिनो बार्ताली यांना साहाय्य करणे, एवढीच त्यांची भूमिका होती. टूर द फ्रान्स जिंकलेले बार्ताली त्या वेळी कीर्तीच्या शिखरावर होते. परंतु त्या वर्षीच्या जिरोच्या दुसऱ्याच टप्प्यात एक कुत्रा आडवा आल्याने बार्ताली पडले आणि जायबंदी झाले. पुढे फ्लॉरेन्स ते मोदेना या टप्प्यात आपेनाईन पर्वतरांगेतील घाट चढताना कोप्पी सर्वांना मागे टाकून एकटे निघून गेले आणि आघाडीच्या स्वाराची गुलाबी जर्सी त्यांच्या अंगावर चढली. ९ जून १९४० रोजी मिलान येथे शर्यत संपली, तेव्हा वयाच्या विसाव्या वर्षी ते या स्पर्धेचे सर्वांत तरुण विजेते ठरले. दुसऱ्याच दिवशी, १० जून रोजी, इटलीने दुसऱ्या महायुद्धात उडी घेतली.

युद्धकाळात मोठ्या शर्यती हळूहळू बंद पडल्या. अशा स्थितीत ७ नोव्हेंबर १९४२ रोजी मिलानच्या व्हिगोरेल्ली धावपट्टीवर कोप्पी एका तासात जास्तीत जास्त अंतर कापण्याचा विक्रम मोडण्यासाठी उतरले. शहरावर बॉम्बहल्ल्यांचे सावट होते. या प्रयत्नात गिअर बदलण्याची सोय नसलेली सायकल वापरतात. पुढील चक्राला ५२ आणि मागील चक्राला १५ दाते असलेल्या सायकलवर मिनिटाला शंभराहून अधिक वेळा पॅडल फिरवीत त्यांनी सुमारे ४५.८ किलोमीटर अंतर कापले. मॉरिस आर्शांबो यांचा १९३७ चा विक्रम त्यांनी काही मीटरच्या फरकाने मागे टाकला. तो मोडण्यास १९५६ साल उजाडावे लागले. ही कामगिरी फ्रान्सच्या जाक आंकतील यांनी केली.

विक्रमवीर असले तरी सैन्यातील कर्तव्यातून त्यांची सुटका झाली नाही. १९४३ मध्ये त्यांना उत्तर आफ्रिकेच्या आघाडीवर पाठविण्यात आले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ट्युनिशियात ते ब्रिटिश सैन्याच्या हाती लागले. खेळाडूच्या आयुष्यातील उमेदीची दोन वर्षे युद्धकैद्यांच्या छावणीत गेली. १९४५ मध्ये मायदेशी परतल्यावर त्यांनी ब्रूना च्यांपोलिनी यांच्याशी विवाह केला आणि आकाशी रंगाच्या सायकलींसाठी प्रसिद्ध असलेल्या बियांकी संघाकडून ते खेळू लागले.

एकट्याने जिंकण्याची रीत

युद्धोत्तर इटलीला कोप्पी यांची खरी ओळख पटली ती १९ मार्च १९४६ रोजी झालेल्या मिलान–सान रेमो शर्यतीत. सुमारे २९० किलोमीटरच्या या शर्यतीचे जवळजवळ निम्मे अंतर त्यांनी एकट्याने तोडले आणि दुसऱ्या क्रमांकाच्या स्वारापेक्षा तब्बल १४ मिनिटे आधी अंतिम रेषा ओलांडली. सायकल शर्यतीत घोळक्याच्या आडोशाने जाणारा स्वार वाऱ्यापासून बचावतो व त्याची बरीच शक्ती वाचते. घोळका सोडून एकट्याने वारा कापीत जाणे हे म्हणूनच मोठे धाडस समजले जाते. कोप्पी यांनी या धाडसालाच आपली रीत बनविले.

बार्ताली आणि कोप्पी यांच्या स्पर्धेने सारी इटली दोन तटांत विभागली गेली. बार्ताली श्रद्धाळू कॅथॉलिक, जुन्या वळणाचे आणि ग्रामीण भागात विशेष लोकप्रिय. कोप्पी मितभाषी, आधुनिक विचारांचे आणि उद्योगनगरांतील तरुणांचे लाडके. वास्तविक दोघेही सामान्य खेडूत कुटुंबांतून आलेले होते. पण युद्धाने पोळलेल्या समाजाने आपापली स्वप्ने या दोघांवर सोपविली होती. ही ईर्षा कधी कधी विकोपाला जाई. १९४८ च्या जागतिक अजिंक्यपद शर्यतीत एकमेकांवर नजर ठेवण्याच्या नादात दोघेही मागे पडले आणि शर्यत अर्धवट सोडून बाहेर आले. इटलीच्या सायकल महासंघाने या वर्तनाबद्दल दोघांनाही काही काळासाठी निलंबित केले.

पुढच्याच वर्षी, १० जून १९४९ रोजी, जिरो शर्यतीत कूनेओ ते पिनेरोलो हा २५४ किलोमीटरचा टप्पा झाला. वाटेत आल्प्स पर्वतातील पाच उंच खिंडी होत्या. पहिल्याच खिंडीच्या चढावर कोप्पी पुढे सरसावले आणि उरलेले १९२ किलोमीटर एकटेच धावले. बार्ताली त्यांच्यानंतर ११ मिनिटे ५२ सेकंदांनी दुसरे आले. सायकलच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ कामगिरींमध्ये आजही या दिवसाची गणना होते.

त्यानंतर लगेचच त्यांनी टूर द फ्रान्समध्ये प्रथमच भाग घेतला. सुरुवातीच्या एका टप्प्यात अपघात होऊन त्यांची सायकल मोडली आणि ते आघाडीवरील स्वारापेक्षा अर्ध्या तासाहून अधिक मागे फेकले गेले. खचलेल्या कोप्पी यांनी माघार घेण्याचा विचार बोलून दाखविला. इटलीच्या संघाचे व्यवस्थापक आणि स्वतः जिरोचे पाच वेळा विजेते राहिलेले आल्फ्रेदो बिंदा यांनी त्यांची समजूत घातली. पर्वतराजी सुरू होताच कोप्पी यांनी पिछाडी भरून काढली. आल्प्समधील ब्रियांसों येथील टप्प्याच्या दिवशी बार्ताली यांचा ३५ वा वाढदिवस होता. त्या दिवशी दोघे बरोबरीने पुढे निघून गेले आणि कोप्पी यांनी टप्प्याचा विजय बार्ताली यांना मिळू दिला. दुसऱ्या दिवशी पिवळी जर्सी त्यांनी स्वतःकडे घेतली. जिरो आणि टूर या दोन्ही शर्यती एकाच वर्षी जिंकणारे ते पहिले सायकलपटू ठरले.

यंत्र, आहार आणि सहकारी

या विजयांमागील तयारी त्या काळी नवी होती. शर्यतीआधी भरपूर मांस खाण्याची तेव्हाच्या खेळाडूंची प्रथा होती. कोप्पी यांनी पिष्टमय पदार्थ, भाज्या आणि फळे यांवर भर दिला आणि शर्यत सुरू असताना थोडे थोडे, पण वारंवार खाण्याची सवय लावून घेतली. आज सुटीच्या दिवशी लांब पल्ल्यावर निघणारे हौशी सायकलस्वारही हाच नियम पाळतात. मात्र या हिशेबाला एक काळी बाजूही होती. त्या काळी सायकल शर्यतींत उत्तेजकांची तपासणी होत नसे आणि त्यांचा वापर सर्रास चालत असे. कोप्पी यांनीही ती घेतली होती आणि ही गोष्ट त्यांनी लपविली नाही.

गिअर बदलणे तेव्हा सोपे नव्हते. टूर द फ्रान्समध्ये तर १९३७ पर्यंत आधुनिक गिअरयंत्रणेला परवानगीच नव्हती. युद्धोत्तर काळात इटलीत गाजलेल्या कांपान्योलो बनावटीच्या यंत्रणेत मागच्या चाकालगत दोन लांब दांड्या असत. स्वाराने धावत्या सायकलवर हात मागे नेऊन एका दांडीने चाकाची पकड सैल करायची, पॅडल उलटे फिरवीत दुसऱ्या दांडीने चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्या चक्रावर सरकवायची आणि मग पहिली दांडी पुन्हा आवळायची. एवढ्या वेळात प्रतिस्पर्धी पुढे निघून जाण्याचा धोका असे. १९५० मध्ये उत्तर फ्रान्सच्या दगडी फरसबंद रस्त्यांवरील पॅरिस–रुबे शर्यत कोप्पी यांनी जिंकली, तेव्हा त्यांच्या सायकलला याच कंपनीची सुधारित, एका दांडीची यंत्रणा होती. पुढे तारेने चालणारी व मागच्या चाकाच्या आसाखाली लोंबणारी स्प्रिंगची यंत्रणा आली. आज गिअरच्या साध्या सायकलवरही दिसते ती हिचीच पुढची पिढी होय.

पेहरावही आजच्यासारखा हलका नव्हता. लोकरीची जर्सी पावसात भिजली की जड होई. तिच्या पुढे व मागे खाद्यपदार्थांसाठी खिसे असत. घर्षण टाळण्यासाठी चड्डीला आतून मऊ कातड्याचे अस्तर लावलेले असे आणि जादा टायर खांद्यांवरून आडवा गुंडाळून नेला जाई.

आपल्या सहकाऱ्यांकडूनही कोप्पी यांनी शिस्तबद्ध काम करून घेतले. पाणी आणून देणे, वारा अडविणे, प्रसंगी स्वतःचे चाक काढून नायकाला देणे ही या सहायक स्वारांची कामे होती. त्यांपैकी सांद्रिनो कारेया यांची कथा प्रसिद्ध आहे. १९५२ च्या टूरमध्ये एका टप्प्यानंतर पिवळी जर्सी अनपेक्षितपणे त्यांच्याकडे आली. आपल्या नायकाचा मान आपण हिरावला, या कल्पनेने त्यांना रडू कोसळले. कोप्पी यांनी त्यांचे अभिनंदन केले आणि दुसऱ्याच दिवशी आल्प द्युएझ या शिखरावरील टप्पा जिंकून जर्सी स्वतः परिधान केली. टूरचा टप्पा पर्वतमाथ्यावर संपण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या वर्षी कोप्पी यांनी २८ मिनिटांहून अधिक फरकाने टूर जिंकली. शर्यतीतील चुरसच संपल्यामुळे आयोजकांना दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीस वाढवावे लागले.

धाकट्या भावाचा मृत्यू

या यशाच्या आधी कोप्पी यांच्यावर मोठा आघात झाला होता. २९ जून १९५१ रोजी पिएमोंते प्रांताच्या शर्यतीत, तुरिन शहरात अंतिम रेषेजवळ ट्रामच्या रुळांत चाक अडकून सेर्से कोप्पी पडले. ते उठले, शर्यत पूर्ण केली आणि हॉटेलवर परतले. दुखापत किरकोळ वाटत होती. काही तासांतच त्यांची प्रकृती ढासळली आणि मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला. १९४९ मध्ये पॅरिस–रुबेचे विजेतेपद विभागून मिळविणारे सेर्से हे थोरल्या भावाचे सहकारी आणि मानसिक आधार होते. थोड्याच दिवसांत सुरू झालेल्या टूरमध्ये फाउस्तो उतरले खरे. पण एका टप्प्यात तर ते अर्ध्या तासाहून अधिक मागे पडले. अखेर त्यांना दहाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. दोन्ही भावांचा अंत अशा आजाराने वा दुखापतीने झाला, की जिचे गांभीर्य वेळेत ध्यानात आले नाही.

न्यायालयाच्या पिंजऱ्यात

ऑगस्ट १९५३ मध्ये स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे कोप्पी रस्त्यावरील शर्यतीचे जगज्जेते झाले. विजयाच्या छायाचित्रांत त्यांच्याजवळ जुलिया ओक्किनी ही विवाहित महिला दिसली. तिच्या फिकट रंगाच्या कोटामुळे वृत्तपत्रांनी पुढे तिला 'श्वेतवस्त्रा' असे नाव दिले. तिचे पती स्वतः डॉक्टर आणि कोप्पी यांचे चाहते होते. इटलीत तेव्हा घटस्फोटाचा कायदा नव्हता आणि विवाहबाह्य संबंध हा फौजदारी गुन्हा होता. १९५४ मध्ये जुलिया यांना अटक होऊन काही दिवस तुरुंगात काढावे लागले. मार्च १९५५ मध्ये आलेस्सांद्रिया येथील न्यायालयात खटला चालला आणि दोघांनाही काही महिन्यांच्या कैदेची शिक्षा झाली. ती स्थगित ठेवण्यात आली. त्याच वर्षी त्यांच्या मुलाचा जन्म अर्जेंटिनात झाला. इटलीत घटस्फोटाला कायद्याची मान्यता मिळाली ती १९७० मध्ये.

काल डोक्यावर घेणाऱ्या जनतेतील मोठा वर्ग आता विरोधात गेला होता. वयाची पस्तिशी उलटली होती, हाडे वारंवार मोडत होती. तरीही १९५५ च्या जिरो शर्यतीत ते केवळ १३ सेकंदांनी दुसरे आले. नंतरच्या वर्षांत विजय दुर्मीळ झाले. मात्र सायकलखेरीज दुसरे जग त्यांना ठाऊक नव्हते. १९६० च्या हंगामासाठी त्यांनी सान पेल्लेग्रिनो संघाशी करार केला. त्या संघाचे व्यवस्थापक होते जिनो बार्ताली. जुने प्रतिस्पर्धी आता एकाच संघात काम करणार होते.

अखेरचा प्रवास

डिसेंबर १९५९ मध्ये आंकतील, जेमिनियानी आदी सायकलपटूंसह कोप्पी आफ्रिकेतील अप्पर व्होल्टा, म्हणजे आजच्या बुर्किना फासो, येथे गेले. राजधानी वागादुगू येथे स्थानिक स्वारांबरोबर एक प्रदर्शनीय शर्यत झाली, त्यानंतर शिकारीचा कार्यक्रम झाला. मुक्कामाच्या ठिकाणी डासांचा उपद्रव होता. मायदेशी परतल्यावर नाताळच्या सुमारास जेमिनियानी आणि कोप्पी दोघेही आजारी पडले.

फ्रान्समध्ये जेमिनियानी यांच्या रक्तात हिवतापाच्या सर्वांत घातक प्रकाराचे परजीवी आढळले आणि त्यांच्यावर योग्य उपचार सुरू झाले. त्यांच्या कुटुंबीयांनी ही माहिती इटलीत कळविली. तथापि, कोप्पी यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी आपले निदान बदलले नाही. १ जानेवारी रोजी त्यांना रुग्णालयात हलविण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांची प्राणज्योत मालवली.

भारतीय वाचकांना हिवताप अपरिचित नाही. डासांच्या शरीरात या रोगाचे परजीवी वाढतात, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे दाखवून दिले होते. तोर्तोनापासून फार दूर नसलेल्या पाविया शहरात तर त्याच्याही आधी कामिलो गोल्जी यांनी तापाची पाळी आणि रक्तातील परजीवींची वाढ यांचा संबंध स्पष्ट केला होता. १९५९ मध्ये या रोगावर प्रभावी औषधे उपलब्ध होती. उणीव होती ती रुग्ण नुकताच कोठून आला आहे, या माहितीला महत्त्व देण्याची. परदेशप्रवासानंतर आलेल्या तापात ही चौकशी आज वैद्यकात प्राथमिक मानली जाते. जेमिनियानी यांना त्यानंतर दीर्घायुष्य लाभले. ५ जुलै २०२४ रोजी वयाच्या ९९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

कोप्पी यांच्या अंत्ययात्रेसाठी कास्तेलानियाच्या टेकडीवर हजारोंचा जनसमुदाय लोटला. त्यांच्या खासगी आयुष्याबद्दल त्यांना दूषणे देणारेही त्यात होते. १९६५ पासून जिरो शर्यतीच्या मार्गावरील सर्वांत उंच ठिकाणाला 'चिमा कोप्पी', म्हणजे कोप्पी शिखर, असे संबोधले जाते आणि तेथे प्रथम पोहोचणाऱ्या स्वाराचा विशेष गौरव होतो. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २०१९ मध्ये, त्यांच्या जन्मगावाचे नाव अधिकृतपणे कास्तेलानिया कोप्पी असे करण्यात आले. त्याच गावात फाउस्तो आणि सेर्से या दोघा भावांच्या समाधी शेजारी शेजारी आहेत. टेकडीचा चढ चढून तेथे पोहोचणारे हौशी सायकलस्वार काही क्षण थांबून या भावांना आदरांजली वाहतात.